एका रफाराची चूक

३ जून, सोमवार

चाळीस मिनिटं. फक्त चाळीस!

आठला शाळा भरली, आठ चाळीसला दुकानात फोन. मास्टरांनी घेतला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. कळलं मला. गळ्यात टेप तशीच, धावलो. शाळेच्या फाटकापाशीच आवाज आला. भिंगरीचा आवाज मी शंभरात ओळखतो — ती रडत नाही, कापड टरकावल्यासारखी किंचाळते.

भिंगरी माझी भाची, ताईची मुलगी. (हे वहीला सांगायची गरज नाही, पण वही नवी आहे, पहिल्या पानावर सगळं नीट असावं.) साडेसहा वर्षांची. जन्मताना मेंदूला इजा झाली. पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात, डावी मूठ उघडत नाही, जीभ जड. ताईच्या पोटात सारखी गरगर फिरायची म्हणून भाऊजींनी नाव ठेवलं भिंगरी. भाऊजी बोटीवर असतात, सहा-सहा महिने तोंड दिसत नाही. ताई सकाळी बेकरीच्या काउंटरवर. आईचे गुडघे गेलेले. म्हणून शाळेच्या कागदावर फोन नंबर आमच्या दुकानाचा. दुकान मास्टरांचं, मी तिथे शिवतो. गणवेश. त्या शाळेतली निम्मी मुलं मी शिवलेले कपडे घालून बसतात. आणि माझी भाची चाळीस मिनिटं!

मोठ्या बाई दारातच उभ्या. "एक महिना बसवून बघू, असं म्हटलं होतं मी. दोन जुलैपर्यंत. तो शब्द मी पाळीन. पण वर्गात अजून एकेचाळीस मुलं आहेत, त्यांचाही विचार मला करावा लागतो. आणि असली मुलं मला काही नवी नाहीत."

असली! मी भिंगरीला उचलून निघालो. बोलायची सगळी वाक्यं घरी आल्यावर सुचली.

वर्गातल्या बाई बिचाऱ्या घाबरल्या होत्या. "ती सारखी टॉर्च मागते हो. दिली तर फेकून देते. एकाच्या कपाळाला लागली असती."

टॉर्च आईने दप्तरात घालून दिलेली. भिंगरीला टॉर्चचं वेड आहे, दोन वर्षं झाली. किंचाळायला लागली की तेच मागते. आई धावत आणते, पेटवून हातात देते, भिंगरी फेकते. आत्तापर्यंत पाच फुटल्या. आई म्हणते, "बापावर गेलीय. हवं हवं म्हणायचं आणि दिलं की नको."

(टॉर्च — रफार 'च'वर. शब्दकोशात बघून खात्री केली.)

४ जून, मंगळवार

बावीस मिनिटं. टॉर्च क्रमांक सहा.

५ जून, बुधवार

आज थेरपीचा वार. अर्धा दिवस सुट्टी घेतली. मास्टर म्हणाले, "जा बाबा, तुझा जीव इथे असून नसून सारखाच."

थेरपीच्या मॅडम नव्या आहेत. आधीचे सर फक्त पाय ताणायचे. ह्यांनी आधी शाळेतलं सगळं ऐकून घेतलं. मी मिनिटं वाचून दाखवली. मग म्हणाल्या, "हा हट्ट नाहीये." मी ते लगेच लिहून घेतलं. हट्ट — दोन ट.

"डोळे, कान, कातडी, सगळीकडून मेंदूला निरोप जातात. हिच्याकडे ते निरोप फार मोठ्या आवाजात वाजतात. आपल्याला पीस लागलं तर तिला खिळा लागतो. अशा बऱ्याच मुलांना हा त्रास असतो. पण सगळे पायांकडेच बघत बसतात हो."

ह्याला सेन्सरी प्रोसेसिंगची अडचण म्हणतात. लिहून दाखवलं, बरोबर का विचारलं. हसल्या. "माझंच चुकलं असतं."

मग त्यांनी भिंगरीला सांगितलं, "आता मी तुझा हात धरणार आहे." आणि पूर्ण पंजाने, घट्ट, सावकाश दाबत कोपरापर्यंत गेल्या. भिंगरी गप्प! डोळे अर्धे मिटून. "हळू हात लावू नका तिला. हळू हाताने ती दचकते. सांगून लावा आणि घट्ट लावा."

मी साडेसहा वर्षं हळू हात लावतोय. आई सगळ्यांना कौतुकाने सांगते, मामाचा हात किती हलका!

"आता नेमकं काय खुपतं ते शोधा. प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. लिहून ठेवा."

"लिहिणं मला जमतं," म्हणालो. नववीत शाळा सुटली, पण शुद्धलेखनात वर्गात पहिला होतो. ते सांगितलं नाही. उगाच.

६ जून, गुरुवार

दोन तास दहा मिनिटं! मधल्या सुट्टीपर्यंत बसली! सुट्टी झाली तेव्हा किंचाळली, मग मला फोन. पण दोन तास दहा!

आणि ह्याच दिवशी माझी लाज जायची होती. काल संध्याकाळी कमरेची शिवण सैल करायला मी तिचा फ्रॉक उलटा केला, टीप मारली आणि सुलटा करायचा विसरलो. सकाळी ताईला कामाची घाई. डोळ्यांवर झोप, तसाच घातला. शिवणी सगळ्या बाहेर, दोरे लोंबतायत, मानेमागे दुकानाचं लेबल सगळ्या जगाला वाचता येतंय! शाळेच्या वहीत मोठ्या बाईंचं अक्षर: "पाल्याचा गणवेश उलटा घातलेला आहे. पालकांनी लक्ष द्यावे."

मास्टरांना सांगितलं. पोट धरून हसले. "फुकटात जाहिरात झाली की रे दुकानाची!"

मला हसू आलं नाही. शिंप्याच्या घरचं पोर, आणि फ्रॉक उलटा.

७ जून, शुक्रवार

फ्रॉक स्वतः सुलटा केला. स्वतः इस्त्री केली. कॉलरला खळ लावून कडक केली, कोणी नाव ठेवू नये म्हणून. स्वतः घातला.

अठरा मिनिटं.

८ जून, शनिवार

आज घाईत लिहितोय. अक्षर वाकडं येईल. येऊ दे.

दुपारी दुकानात काजं करत होतो. समोर फ्रॉकांचा ढीग, सगळे उलटे, आम्ही शिवतो ते उलट्या बाजूनेच. एक उचलला आणि बोट सहज आतून फिरलं. कापडाची कड उसवू नये म्हणून मारलेला ओव्हरलॉकचा दोरा. नायलॉनचा, करकरीत, काखेत तर चार शिवणी एकत्र येतात, तिथे गाठ. आणि मानेच्या बरोबर मध्ये आमचं लेबल. मीच लावतो ते. चारी बाजूंनी टीप मारून, कोपरे आत दुमडून. सुटू नये म्हणून!

दहा वर्षं शिवतोय. कपड्याला आतून कधी हात लावला नव्हता, असं नाही. आतून काही वाटलं नव्हतं.

गुरुवारी फ्रॉक उलटा होता. शुक्रवारी सुलटा.

काज अर्धवट टाकून उठलो. मास्टर म्हणाले, "काय रे, साप पाहिलास?" मी म्हणालो, "हो." आणि पळालो.

घरी भिंगरी चटईवर, पोटावर. आई स्वयंपाकघरात, ताई भांडी पुसत. मी गुडघ्यावर बसलो. सांगितलं, "भिंगरे, मामा तुझा हात धरणार आता." घट्ट धरला. तिच्या उजव्या हाताचं बोट शाळेच्या फ्रॉकच्या आतल्या शिवणीवर टेकवलं.

तिने हात असा खेचला, जसा तवा लागला! आणि ओरडली. तेच. नेहमीचं.

आई आतून, "आणते गं बाई, आणते!" आणि सातवी टॉर्च घेऊन लंगडत आली, पेटवलेली.

आणि मला ऐकू आलं.

ती टॉर्च म्हणत नव्हती. टोच. टोचतं! जीभ जड म्हणून शेवटचं 'तं' बाहेर पडत नाही, एवढंच. रफार तिने कधी उच्चारलाच नव्हता. तो आम्ही घातला होता. दोन वर्षं ती एकच शब्द सांगत होती, आणि आम्ही तिच्या हातात बॅटऱ्या देत होतो. मी, शब्दकोश उशाला घेऊन झोपणारा, ह्याच वहीत सोमवारी खात्री करून चुकीचं लिहिलंय.

"टोचतं का गं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. इतका वेळ कधी बघत नाही. मग मान खाली-वर, खाली-वर. अख्खं अंग हलवून.

आई टॉर्च धरून उभीच. "आणि मी तिच्या डोळ्यांवर उजेड मारत होते रे," म्हणाली. खाली बसली, गुडघ्यांचं न बघता. ताईने तिच्या हातातून टॉर्च काढून घेतली, बंद केली, फडताळात सगळ्यात वर ठेवली. मग ओट्याकडे तोंड करून पुसलेलीच भांडी परत पुसत राहिली.

भिंगरीने दोन वर्षांत शब्द बदलला नाही. आम्ही मूर्खासारखे वागलो तरी कंटाळली नाही, रोज तोच सांगत राहिली. आमच्या घरात शुद्धलेखन एकटीचं बरोबर होतं. तिचं.

लेबल उसवून टाकलं. एकेक टाका मोजून — छत्तीस.

१० जून, सोमवार

मुद्दाम उलटा घातला. पाय सरळ ठेवणाऱ्या स्प्लिंटखालचे मोजेही उलटे, त्यांची बोटांवरची शिवण बाहेर. स्प्लिंट चढवताना रोज दोघांना धरावं लागायचं. आज ताईने एकटीने चढवल्या!

मधली सुट्टी सोडून तीन तास पाच मिनिटं. वर्गातल्या बाई म्हणाल्या, तिने बडबडगीतावर मान डोलावली.

शाळेच्या वहीत: "पुन्हा उलटा गणवेश. उद्या मामांनी समक्ष भेटावे." समक्ष खाली रेघ.

११ जून, मंगळवार

तोंडाने बोलता येणार नाही म्हणून चिठ्ठी लिहिली. तीन वेळा. पहिल्यात राग जास्त, दुसरीत विनंत्या जास्त. तिसरीत एवढंच ठेवलं: "तो उलटा नाही. आपल्यासाठी जी उलट बाजू आहे ती तिच्यासाठी सुलट आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा लावून वाचली. परत वाचली. मी शुद्धलेखनाच्या चुका आठवत उभा. मग पिशवीतून दुसरा फ्रॉक काढला. "बाई, हात आत घालून बघा." एवढं मात्र तोंडाने बोललो.

त्यांनी अंगठा कॉलरच्या आतून फिरवला. मग काखेत. मग पुन्हा कॉलर. बराच वेळ. मला वाटलं, शिवणीत दोष काढतायत.

"हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाही. तिनेच."

"ती बोलते?"

"टोच एवढंच म्हणते. आम्हाला वाटायचं टॉर्च."

हसतील वाटलं. हसल्या नाहीत. "किती दिवसांत कळलं तुम्हाला?"

टोमणा होता बहुतेक. पण खोटं कसं बोलणार? "साडेसहा वर्षांनी."

खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर काहीच नव्हतं, नळ होता. मग एकदम शाळेच्या आवाजात, "गणवेश गणवेशासारखा दिसला पाहिजे. बाकी तुम्ही तो आतून कसाही शिवा."

१३ जून, गुरुवार

कापड धुतोय. नव्या कापडाची खळ जायला हवी. सहा वेळा भिजवलं, पिळलं, वाळवलं. आई म्हणाली, "मला लग्नात इतकी आंघोळ घातली नव्हती."

दरम्यान जुनाच उलटा घालून जाते. एका पोराने विचारलं म्हणे, "तू आतून बाहेर का आलीस?" आणि भिंगरी हसली!

१५ जून, शनिवार

दोन दिवस मास्टर बघत होते. शिवणी बाहेर घ्यायच्या, पण दिसता कामा नयेत. मी प्रत्येक शिवणीवर त्याच निळ्या कापडाची अरुंद पट्टी बसवत होतो. खांद्यावर पट्टी सरळ येते, काखेत वळणावर चुण्या पडतात. तीनदा उसवली.

आज मास्टर उठून आले. "पट्टी सरळ कापतोस, मूर्खा. तिरपी काप." स्वतः कापून दिली. तिरप्या कापाची पट्टी वळणावर अशी बसली, जणू नक्षीच! मग त्यांनी फ्रॉक आतून गालाला लावला. पांढऱ्या दाढीचा माणूस, डोळे मिटून.

"चाळीस वर्षं मी बाहेरून इस्त्री बघत आलो," म्हणाले. "कारागीर झालास रे."

हे त्यांनी मला आजवर कधी म्हटलेलं नाही. तारीख लिहून ठेवली. वर आहेच म्हणा.

१७ जून, सोमवार

नवा फ्रॉक. भिंगरीने दोन्ही हात आत घातल्यावर श्वास रोखला, नेहमीसारखा, किंचाळण्याआधीचा. आम्ही तिघेही श्वास रोखून. तिने सोडला. मग काखेत बोट घातलं, कॉलरमध्ये घातलं, माझ्याकडे बघून म्हणाली, "नाय टोच."

दोन शब्द! एका वाक्यात!

ताई बेकरीत सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होती म्हणे. पाव घ्यायला आलेल्या माणसाला काय त्याचं? पण त्यानेही "वा वा" केलं.

१९ जून, बुधवार

एवढं चांगलं चाललं होतं. मधल्या सुट्टीच्या घंटेला भिंगरी रोज थोडी किंचाळतेच, पण आज अख्खी ताठ झाली, डोकं मागच्या बाकावर आपटलं. टेंगूळ. मग अर्धा तास किंचाळी. वर्गातल्या बाई म्हणाल्या, "कानावर हात नेऊन टोच टोच करत होती हो."

घंटेला मी पट्टी कशी लावणार?

तेरा दिवस उरले.

२० जून, गुरुवार

थेरपीच्या मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "घंटा हळू करून उपयोग नाही. ती कधी होणार हे तिला आधी कळू दे."

शाळा सुटल्यावर शिपाईकाकांकडे गेलो. घंटा तेच देतात, व्हरांड्यात टांगलेली पितळी. दोन वेळा त्यांच्यासमोरून नुसताच गेलो. तिसऱ्यांदा तेच म्हणाले, "काय मामा, घंटा चोरायचा बेत आहे का?" सगळं सांगितलं. त्यांनी विडीचं थोटूक चिरडलं. "अहो, एवढंच ना? देण्याआधी तिच्या खिडकीत येऊन हात वर करीन. मला कुठे विमान पकडायचंय?"

२४ जून, सोमवार

तीन दिवस काका खिडकीत येतात. हात वर, मग बोटांनी तीन, दोन, एक. आता अख्खा वर्ग वाट बघतो. काका दिसले की एकेचाळीस पोरं ओरडतात, "भिंगरे, टोच येतेय!" घंटेपेक्षा त्यांचाच आवाज मोठा! पण तो तिला चालतो. उजव्या हाताने एक कान धरते, दुसरा शेजारची मुलगी दाबून धरते. घट्ट. हे त्या मुलीला कोणी शिकवलं नाही.

आज किंचाळी नाही.

२५ जून, मंगळवार

नाही.

२६ जून, बुधवार

किंचाळली. ट्यूबलाइट फडफडत होती. वर्गातल्या बाईंनी स्वतः स्टुलावर चढून स्टार्टर काढला. अकरा मिनिटांत शांत. मला फोनसुद्धा केला नाही! संध्याकाळी सहज सांगितलं. मी उगाच रुसलो थोडा.

२ जुलै, मंगळवार

आज महिना पुरा. मला दुकानात सुई ओवता येईना. मास्टर म्हणाले, "जा, दारात उभा राहा, इथे रक्त काढशील."

व्हरांड्याच्या खांबाआड उभा राहिलो. सुट्टीच्या आधी काका भिंगरीच्या खिडकीत गेले. हात वर केला नाही. आत गेले. वर्गातल्या बाई आणि काका, दोघं मिळून तिला बाहेर घेऊन आले. स्प्लिंट घालून, काकांच्या हाताला धरून, ती चालत आली! नऊ पावलं. मागे सगळा वर्ग दारात गर्दी करून. काकांनी घंटेची हातोडी तिच्या हातात दिली. "आता मी तुझा हात धरणार, बरं का." आपला मोठा पंजा तिच्या मुठीवर घट्ट ठेवला.

मला बघवेना. डोळे मिटले.

घंटा झाली. एक वाकडा ठोका. मग दुसरा. मग थांबेचना! डोळे उघडले तर भिंगरी हसतेय, तोंड पूर्ण उघडं, लाळ हनुवटीवर, आणि घंटा बडवतेय. काका ओरडतायत, "बास गं, शाळा सुटली समजून पळतील सगळे!" मधल्या वर्गातली चार पोरं पळालीसुद्धा, दप्तरं घेऊन!

मोठ्या बाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. हाताची घडी. मी खांबाआडून बाहेर आलो, नाइलाज होता. त्यांनी भिंगरीच्या दप्तरातली शाळेची वही मागवली. वहीत लिहून दिलं: "प्रवेश कायम." सही. खाली रेघ नाही.

घरी आईने ती वही डोळ्यांना लावली. मी फ्रॉक धुतला. आतून नीट खंगाळला.

३ जुलै, बुधवार

सगळं ठीक. लिहिण्यासारखं काही नाही. हे लिहायला किती बरं वाटतंय!

६ जुलै, शनिवार

दुकान आवरत होतो, भिंगरी कापायच्या टेबलाखाली चिंध्यांत बसलेली. मोठ्या बाई आल्या. एकट्याच. पिशवीतून शर्ट काढला. मोठ्या माणसाचा, बेचाळीस छाती. कॉलर कुरतडलेली, दोन्ही बाह्या दातांनी फाडलेल्या.

"हा तिच्या फ्रॉकसारखा शिवून हवाय."

"कोणासाठी?"

"माझ्या मुलासाठी. एकतीस वर्षांचा आहे. घरीच असतो."

भिंगरीने खालून हात वर करून शर्ट ओढला, कॉलरच्या आत बोट घातलं आणि बाईंकडे बघून म्हणाली, "टोच."

बाई तिच्याजवळ खाली बसल्या, फरशीवर, चिंध्यांत. "हो का गं?" म्हणाल्या. "मी त्याला हट्टी म्हणत आले."

मी वही उघडून मापं विचारली. एकही आठवावं लागलं नाही त्यांना.